पागडीची खोली घेताना तुळई कोण बघतं?

माझा मामेभाऊ गेले चार महिने डोंगरी, नागपाडा, मदनपुरा या भागात खोली शोधतोय. शेवटी एक पसंत पडली. तिसरा मजला, पूर्वेला खिडकी, मस्जिद दोन मिनिटांवर, मुलांची शाळा पायी अंतरावर. पागडी 35 लाख, त्यात घरमालकाचा हिस्सा वेगळा ठरलेला. पावती कुणाच्या नावावर आहे, भाडं थकलेलं आहे का, आधीच्या भाडेकरूची बहीण हक्क सांगणार नाही ना, हे सगळं त्याने वकिलाकडून तपासून घेतलं. पण डोक्यावरची तुळई कशी आहे, हे कुणीच बघितलं नाही. छताला पीओपी होतं, त्यात चार दिवे. छान दिसत होतं.

मी त्याला एवढंच म्हटलं, पैसे द्यायच्या आधी पीओपीचा एक तुकडा काढून बघू. आधीचे भाडेकरू नाराज झाले, पण काढू दिला. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक पेचकसाने दाबलं तर पेचकस दांड्यापर्यंत आत गेला. वरच्या मजल्यावर नेमकी तिथेच मोरी आहे.

आपल्या वस्तीतल्या बहुतेक जुन्या इमारतींची गोष्ट हीच आहे, म्हणून हे लिहितोय.

मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींसाठी 1969 मध्ये कायदा झाला, उपकर बसवला गेला आणि दुरुस्ती मंडळ स्थापन झालं. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती होत्या 19,642. त्यातल्या 16,502 सप्टेंबर 1940 च्या आधीच्या. म्हणजे आज वय किमान 85 वर्षं. यातल्या पुष्कळ इमारती लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर कोबा आणि लादी, अशा बांधलेल्या. सागवान चांगलं होतं म्हणून टिकल्या. पण सागवानालाही ओल आणि दीमक सोडत नाही. (घरी आम्ही दीमक म्हणतो, शाळेत मुलांना वाळवी शिकवतो. प्राणी एकच.)

दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडाचं मंडळ पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं. 2024 च्या यादीत 20 इमारती होत्या, 2025 च्या यादीत 96. एका वर्षात इमारती पाचपट खराब होत नाहीत. जास्त इमारती जरा नीट बघितल्या की आकडा वाढतो, असाच याचा अर्थ मी लावतो. आणि मग प्रश्न पडतो की ज्या नीट बघितल्याच गेल्या नाहीत, त्यांचं काय?

2025 च्या जुलैमध्ये याची दुसरी बाजू समोर आली. म्हाडाने कलम 79 अ खाली 900 हून अधिक इमारतींना नोटिसा काढल्या होत्या. या कलमाखाली मालकाने मुदतीत पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायचा, नाही दिला तर भाडेकरूंना संधी, तेही जमलं नाही तर म्हाडा जागा ताब्यात घेऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाने या नोटिसांवर कडक ताशेरे ओढले आणि चौकशीसाठी समिती नेमली. मूळ मुद्दा साधा होता. इमारत धोकादायक आहे हे ठरवण्याआधी ती खरोखर तपासली होती का, की नुसती नजरेने बघून कागद काढला?

आपल्याकडे लोक तपासणीला घाबरतात आणि ती भीती खोटी नाही. स्ट्रक्चरल ऑडिट म्हटलं की भाडेकरूला ऐकू येतं, 'खोली खाली करा'. सी-1 शेरा आला की इमारत रिकामी, मग संक्रमण शिबिर, तेही कुठे मिळेल सांगता येत नाही. शिबिरात गेलेली माणसं तिथेच म्हातारी झाल्याची उदाहरणं प्रत्येक गल्लीत आहेत. माझ्या वर्गातली मुलं अशी गेलीत; आधी लोकलने येत होती, मग दाखलाच काढून नेला. त्यामुळे इंजिनियर जिन्यात दिसला की दारं बंद होतात. पण दार बंद ठेवून तुळई थांबत नाही. 31 ऑगस्ट 2017 ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, 33 जीव गेले. 16 जुलै 2019 ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला, किमान 13 माणसं गेली, आणि ढिगारा उपसून होण्याआधीच पडलेला भाग कुणाच्या अखत्यारीतला यावर दोन सरकारी यंत्रणांचा वाद सुरू झाला.

ऑडिट झालं तरी एक अडचण उरतेच, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ऑडिटच्या नेहमीच्या चाचण्या, म्हणजे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ सेल, या सगळ्या काँक्रीट आणि त्यातल्या सळयांसाठी आहेत. लाकडाच्या तुळईला त्यातलं काहीच लागू पडत नाही. तिथे ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकावं लागतं, टोकदार हत्याराने टोचावं लागतं, ओल मोजावी लागते, भिंतीत गेलेली टोकं उघडावी लागतात. याला वेळ लागतो आणि रहिवाशांनी सिलिंग उघडू द्यावं लागतं. हे न करता लिहिलेला अहवाल जाडजूड असला तरी अर्धाच असतो. अहवाल हातात आला की आधी हे बघा, किती तुळयांची टोकं उघडून पाहिली याची नोंद त्यात आहे का.

पेस्ट कंट्रोलचंही तसंच. लोक म्हणतात, आम्ही दरवर्षी करतो. काय करता? झुरळांची जेल, ढेकणांची फवारणी. दीमक जमिनीतून येते. तिला मातीची ओल लागते, म्हणून ती तळमजल्यापासून भिंतीतून मातीच्या बारीक नळ्या बांधत वर चढते. मीटरच्या लाकडी फळीमागे, बंद दुकानाच्या कोपऱ्यात, जिन्याखाली त्या नळ्या दिसतात. तिसऱ्या मजल्यावर आपल्या खोलीत औषध मारलं तर ती शेजारच्या खोलीतून पुढे जाते. उपचार तळमजल्यावर भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण 30 सेंटीमीटर अंतराने भोकं पाडून, आत औषध सोडून करावा लागतो. म्हणजे दुकानदारांची संमती हवी. आणि वरच्या मजल्यांच्या मोऱ्या, संडासाचे पाइप गळत राहिले तर ते औषधही फार दिवस पुरत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की तपासणी भाडेकरूंनी स्वतः, नोटीस येण्याआधी करून घ्यावी. पाऊस जवळ आल्यावर नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे दुरुस्तीला दोन महिने मिळतात. 30 वर्षांवरच्या इमारतीची तपासणी करून घेण्याची जबाबदारी महापालिका कायद्याच्या कलम 353 ब नुसार मालक किंवा राहणाऱ्यांवर आहेच. मालकाच्या इंजिनियरने सी-1 म्हटलं आणि भाडेकरूंच्या इंजिनियरने दुरुस्ती होऊ शकते म्हटलं, तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती दोन्ही अहवाल बघते. आपल्याकडे अहवालच नसेल तर समितीसमोर ठेवणार काय? आणि खरोखर रिकामी करायची वेळ आली, तर प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ आणि भाडेकरूचं नाव अधिकृत यादीत चढल्याशिवाय कुलूप देऊ नये. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही, पण यादी नसली की सिद्ध करताना कंबरडं मोडतं.

खर्च? 40 खोल्यांच्या इमारतीत तो वाटला तर एका घरावर पीओपीच्या सिलिंगपेक्षा कमीच येईल. जमातखान्याच्या लग्नाचा हिशेब मी इथे काढत नाही.

मामेभावाने अजून बयाणा दिलेला नाही. त्याने इमारतीच्या लोकांना सांगितलं की सगळ्यांनी मिळून तपासणी केली तर तो आधीच वर्गणी भरायला तयार आहे, खोली नावावर नसतानाही. रविवारी इशानंतर मीटिंग झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या खालांनी सगळ्यात आधी हजार रुपये काढून ठेवले. त्यांच्या छताला दोन वर्षांपासून टेकू आहे. तळमजल्यावरच्या चारपैकी तीन दुकानदारांनी भोकं पाडायला हो म्हटलंय. चौथा म्हणतो, लाद्या नवीन बसवल्यात, ईदनंतर बघू.