चष्मेवाल्यांनी समुद्र पाहू नये काय?

‘दृष्टी तशी सृष्टी’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु चष्मा उतरवताच ज्यांची सृष्टी वीतभर उरते, त्यांनी काय करावे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली आणि चष्मा लावणारीही पहिलीच. माझा नंबर उणे 4. म्हणजे 25 सेंटिमीटरपलीकडचे सारे धूसर.

आपल्या पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळला उतरले की मालवण फार दूर नाही. तेथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात प्रवाळ आहेत आणि 1987 साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथे तरंगत हे वैभव पाहायचे, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. गेल्या हिवाळ्यात शिकवण्यांचे पैसे साठवून मी मैत्रिणींबरोबर गेले. “चष्मा काढून ठेवा,” एवढेच मला सांगण्यात आले. पैसे मात्र सर्वांकडून सारखेच घेतले. मैत्रिणी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचे वर्णन करीत होत्या. मी पाहिला तो नुसता हिरवट धूर!

चष्म्यावर मास्क बसत नाही, कारण चष्म्याच्या काड्यांमुळे रबराच्या कडेला फट राहते व पाणी आत शिरते. मास्कमधून पाण्यातील वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ भासतात, म्हणून उणे 1 च्या आसपास नंबर असलेल्यांचे बहुधा निभावते. त्यापुढच्यांचे काय?

उपाय आहेत. दोन स्वतंत्र काचांच्या काही मास्कमध्ये मूळ काचा काढून नंबरच्या तयार काचा बसवता येतात. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने मिळतात. त्यांत सिलिंडर नसतो. तो थोडाच असेल तर त्याचा निम्मा भाग मुख्य नंबरात मिळवतात. उणे 3.5 आणि सिलिंडर उणे 1 असेल, तर उणे 4 ची काच घ्यावी. दुसरा उपाय अगदी घरगुती. जुन्या चष्म्याच्या काड्या काढून उरलेली फ्रेम मास्कच्या आत पक्की बसवायची. नुसते तरंगण्यापुरते हे चालते. पोहण्याचा नंबरचा गॉगल स्वस्त पडतो, पण तो घालून खोल बुडी मारू नये. नाक बाहेर राहिल्याने गॉगलच्या आतला दाब बाहेरच्या पाण्याइतका करता येत नाही आणि डोळ्यांना इजा होते. कॉन्टॅक्ट लेन्स पाण्यात निसटू शकते. शिवाय तिच्याखाली जंतू अडकून बुबुळाला संसर्ग होण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर ती पाण्यात घालू नका असेच सांगतात.

कोणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न सोडून ही कसली चैन? चैन असेल तर ती चष्मा नसणाऱ्यांचीही आहे. त्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ज्या घरांत मुलीला चष्मा लागला की आधी तिच्या लग्नाची काळजी सुरू होते, तेथे ‘दिसत नाही तर जाऊ नकोस’ हे उत्तर तयारच असते. आणि पाण्याखाली डोळे लागतात ते केवळ पर्यटकाला नव्हे. पंख्यात गुंतलेले जाळे सोडवायला बुडी मारणाऱ्या मच्छीमारालाही पुढेमागे चष्मा लागतोच.

एका माणसाला एका दिवसासाठी नंबरच्या काचा घेणे परवडणार नाही, हे खरे. परंतु मास्क भाड्याने देणाऱ्याकडे उणे 2, 3, 4 आणि 5 नंबरांचे चार मास्क असले, तर हंगामात कितीतरी जणांचे काम भागेल. लाइफ जॅकेट देताना अंगाचे माप पाहतात, तसा डोळ्यांचा नंबरही विचारावा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे. तिने हा पायंडा पाडला तर इतरही तो गिरवतील. आणि दुसऱ्यांना सांगण्याआधी आपणच सुरुवात का करू नये? आपल्या जिमखान्याने असे दोन-तीन मास्क घ्यावेत आणि ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे सहलीला जाणाऱ्यांना द्यावेत, अशी माझी प्राध्यापकांना व विद्यार्थी मित्रमैत्रिणींना नम्र सूचना आहे.