पोस्टकार्डावरील उत्तर

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचें २० मे २०२५ रोजीं पुणें येथें निधन झालें. ताऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थाचें कापूस पिकविणाऱ्या आम्हां लोकांस काय प्रयोजन, असें कांहीं बंधूंस वाटेल. त्यांच्यासाठींच हे चार शब्द.

१९३८ सालीं कोल्हापुरांत जन्मलेले नारळीकर केंब्रिज येथें फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले. हॉइल हे मोठे शास्त्रज्ञ खरे. परंतु इंग्लंडांतील सामान्य जनांस ते परिचित झाले बी. बी. सी. नभोवाणीवरील व्याख्यानांमुळें. ‘बिग बँग’ हा शब्द त्यांनीं १९४९ सालीं तेथेंच उच्चारिला, आणि तोही स्वतःस न पटणाऱ्या मताविषयीं बोलतांना! शिष्यानें गुरूची हीही विद्या उचलली. १९७२ सालीं स्वदेशीं परतल्यावर संशोधन सांभाळून त्यांनीं मराठींत विज्ञानकथा लिहिल्या, आणि दूरदर्शनवरील ‘ब्रह्माण्ड’ मालिकेंतून विश्वाची रचना घरोघर समजाविली. १९९६ सालीं युनेस्कोचें कलिंग पारितोषिक त्यांस मिळालें, तें अशा लोकशिक्षणासाठींच.

आम्हांस मात्र त्यांची एक लहानशी रीत अधिक मोलाची वाटते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस ते विज्ञानाचा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवावयास सांगत. उत्तराखालीं सही येई. आम्हीं महसुली कारकुनींत हयात घालविली. शेतकऱ्याच्या अर्जावर शेरा पडे, क्रमांक पडे. उत्तर क्वचितच जाई. म्हणून त्या पोस्टकार्डाची किंमत आम्ही जाणतों.

२०१७ च्या खरिपांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: तांबडा अति जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यांतल्या त्यांत सौम्य. एवढें सांगावयास नभोवाणीवर पांच मिनिटें पुरतात. सल्ले मिळत नाहींत असें नाहीं. पण बहुतेक सल्ला कानावरून निघून जातो. दोन औषधें एका पंपांत मिसळावीं काय? वारा तोंडावर असतां काय करावें? भिजलेल्या सदऱ्यानिशीं भाकर खाल्ली तर? हे प्रश्न गड्याच्या मनांतच राहतात. आणि पंप बहुधा गड्याच्याच पाठीवर असतो, आपल्या नव्हे, हेंही येथें लिहिणें प्राप्त आहे.

यवतमाळास आकाशवाणीचें केंद्र आहे, अकोल्यास कृषि विद्यापीठ आहे. आठवड्यांतून एकदां पोस्टकार्डें वाचून सोप्या वऱ्हाडींत उत्तर देणारा जाणता मनुष्य तेथें बसवावा, अशी मागणी आपल्या संघानें पेरणीपूर्वीं करावी. ज्या गड्यांस लिहितां येत नाहीं त्यांस आमच्याकडे पाठवावें. त्यांचीं कार्डें आम्ही लिहून देऊं.