फुल-फ्रेम घेऊ का? जालन्याच्या लग्नसराईतलं गणित

मंडळी, आम्ही आयटीवाले सुट्टीला गावी गेलो की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "पुण्यात फ्लॅट घेतला का?" आणि दुसरा, "भाऊ, कोणता कॅमेरा घेऊ?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे, आणि हल्ली तो प्रश्न नुसते हौशी लोक विचारत नाहीत; जालना, अंबड, भोकरदनकडचे लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओवाले विचारतात. जुना डीएसएलआर विकून फुल-फ्रेम मिररलेस घ्यायचा म्हणजे बॉडी, दोन बऱ्या लेन्स, फ्लॅश आणि बॅटऱ्या धरून हिशोब दोन-तीन लाखांवर सहज जातो. "जालना सोने का पालना" म्हणतात खरं, पण स्टुडिओवाल्याचा पाळणा बहुतेक वेळा ईएमआयवर हलतो. म्हणून जरा नीट तोलून बघू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यंत्र उत्तम आहे. पण लग्नाच्या कामात त्यातला 'मिररलेस' हा भाग 'फुल-फ्रेम'पेक्षा जास्त उपयोगी पडतो. आणि बॉडी घेतल्यावर लेन्सला पैसे उरत नसतील, तर फुल-फ्रेम घेऊच नये.

आधी मिररलेसचं बघू. डीएसएलआरमध्ये फोकस करणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली बसवलेला असतो. त्याची जुळणी केसभर जरी हलली तरी नवरीच्या डोळ्याऐवजी कानातले झुमके शार्प येतात. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे ही भानगड संपली. शिवाय फोकसचे पॉइंट जवळजवळ सगळ्या फ्रेमभर पसरलेले. २०१४ सालच्या निकॉन डी७५० ला ५१ पॉइंट होते आणि तेही मधोमध दाटीवाटीने. २०१८ च्या सोनी ए७ मार्क ३ ला ६९३ आले, फ्रेमचा ९३ टक्के भाग व्यापणारे. वर डोळा ओळखून त्याला चिकटून राहणारा फोकस. अक्षता पडताना, हार घालताना फोटोग्राफरला एकच संधी मिळते. "परत एकदा घाला" म्हणायची सोय नसते (म्हणणारे महाभाग आहेत, पण ते असो). अशा वेळी हा फोकस पैसे वसूल करून देतो. व्ह्यूफाइंडरमध्ये उजेड-अंधार आधीच दिसतो, हाही मोठा फायदा.

आता फुल-फ्रेम. सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. नेहमीचा एपीएस-सी म्हणजे क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७ च्या आसपास. भागाकार केला की सुमारे २.३५ पट. तेवढा जास्त प्रकाश गोळा होतो, म्हणून आयएसओ ६४०० ला फोटो स्वच्छ दिसतो. नवरात्रात संध्याकाळी अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या पायऱ्यांवर फ्लॅशशिवाय फोटो काढून बघा, फरक लगेच कळेल.

पण इथेच एक मेख आहे. बरेच जण बजेट ताणून फुल-फ्रेम बॉडी घेतात आणि सोबत येणारी २८-७० एफ/३.५-५.६ किट लेन्स लावतात. झूम केलं की ती एफ/५.६ वर जाते. शेजारचा माणूस क्रॉप कॅमेऱ्यावर १७-५० एफ/२.८ लावून उभा. दोघांना फ्रेम जवळपास सारखीच दिसते. पण एफ/२.८ मधून एफ/५.६ च्या चौपट प्रकाश येतो. म्हणजे महागड्या सेन्सरने २.३५ पट कमावलं आणि स्वस्त लेन्सने चौपट घालवलं! त्या मंडपात क्रॉपवाला जिंकला, आणि त्याचा हप्ताही लहान.

"मग जुन्या लेन्स लावू की अ‍ॅडॉप्टरने!" लावा, पण तपासून. निकॉनचा जुना माउंट सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर होता, नव्या झेड माउंटचं अंतर १६ आहे, त्यामुळे मध्ये अ‍ॅडॉप्टर सहज बसतो. पण त्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. बॉडीतल्या स्क्रूवर चालणाऱ्या जुन्या डी मालिकेच्या लेन्स त्यावर ऑटोफोकस करत नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओंत तीच ५० एफ/१.८ डी वर्षानुवर्षं चालत आलीये.

आता तोटे, खास आपल्या भागातले.

पहिला बॅटरीचा. प्रमाणित चाचणीत डी७५० एका बॅटरीत १२३० फोटो काढायचा. निकॉन झेड६ चा आकडा ३१०, सोनी ए७ मार्क ३ चा व्ह्यूफाइंडर वापरून ६१०. प्रत्यक्षात जास्त निघतात, पण हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन-चार बॅटऱ्या खिशात हव्यातच. त्यात मंडपातली लाईट गेली तर चार्जिंग कुठे करणार?

दुसरा धुळीचा. लेन्स काढली की सेन्सर थेट उघडा. पुढे आरसा नाही. कॅननने २०१८ च्या ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद केल्यावर शटर झाकायची सोय दिली, पण सगळ्यांत ती नसते. मे महिन्यातली वरात, डीजे आणि उडणारा फुफाटा डोळ्यासमोर आणा. लेन्स बदलायची असेल तर गाडीत बसून बदला.

तिसरा उन्हाचा. २०२० मध्ये कॅनन आर५ आला तेव्हा ८के व्हिडिओला साधारण २० मिनिटांची मर्यादा कंपनीनेच सांगितली होती, आणि तीही २३ अंशांच्या हवेत. आपल्याकडे मे मध्ये पारा चाळीशी ओलांडतो. सगळे कॅमेरे इतके तापत नाहीत, पण घेण्याआधी भरउन्हात अर्धा तास व्हिडिओ चालवून बघाच.

चौथा एलईडीचा. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर मंगलाष्टकांच्या वेळी छान वाटतं, पण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि स्टेजवरचे स्वस्त एलईडी लुकलुकत असतात. फोटोवर आडवे पट्टे येतात, आणि ते काढणं म्हणजे रात्रभराचं काम. तिथे मेकॅनिकल शटरच वापरा.

वजन कमी होतं म्हणतात, तेही अर्धंच खरं. ए७ मार्क ३ ची बॉडी ६५० ग्रॅम, पण सोनीची पहिली २४-७० एफ/२.८ जीएम एकटीच ८८६ ग्रॅमची!

मग डीएसएलआरच धरून बसायचं का? तसंही नाही. निकॉन आणि कॅननचे शेवटचे फुल-फ्रेम डीएसएलआर २०२० सालचे. नवं सगळं काम मिररलेसमध्ये चाललंय. आज ना उद्या तिकडे जावंच लागेल. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

माझा क्रम असा: आधी एफ/२.८ ची चांगली झूम किंवा एफ/१.८ ची प्राइम, मग दोन फ्लॅश, मग सेकंडहँड मिररलेस बॉडी. दोन कार्ड-स्लॉटची बघा, कारण एक कार्ड उडालं तर लग्न परत लागत नाही. लग्नसराईत एक-दोन दिवस तीच बॉडी भाड्याने आणून आधी वापरून बघा. जुनी बॉडी विकू नका. नवी बिघडली की दुरुस्तीला बाहेरगावी जाते आणि मुहूर्त थांबत नाही.

हौशी मंडळींना वेगळा सल्ला. हिवाळ्यात घाणेवाडी तलावावर पक्षी टिपायचे असतील तर क्रॉप सेन्सरच बरा. ३०० ची लेन्स ४५० सारखी दिसते आणि खिसाही वाचतो.

राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न. "तुमच्याकडे फुल-फ्रेम आहे का?" असं वधुपिते विचारायला लागलेत, हे खरंय. त्यांना मागच्या लग्नाचा अल्बम दाखवा. तो बघूनही त्यांनी मॉडेल नंबरच विचारला, तर मात्र भाड्याने आणा आणि भाडं बिलात लावा!