यंत्र कुणाच्या अक्षरावर शिकले?

हाताने लिहिलेला आकडा वाचणे आपल्याला इतके सहज जमते की त्यात काही विशेष आहे असे वाटतच नाही. पण इंग्रजी सात म्हणजे नेमके काय, हे शब्दांत सांगून पाहा. आडवी रेघ, तिच्या उजव्या टोकापासून खाली उतरणारी तिरपी रेघ, इतके सांगताच कुणीतरी मध्ये छेद दिलेला सात काढून दाखवतो. नियम सांगून संगणकाला आकडे ओळखायला शिकवणे म्हणूनच फार जड जाते.

त्याऐवजी यंत्राला उदाहरणे दाखवतात. आकड्याच्या चित्राचे २८ ओळी व २८ रकाने असे ७८४ चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन किती काळा आहे हे संख्येने मांडायचे. अगदी साध्या यंत्रात शून्य ते नऊपैकी प्रत्येक आकड्यासाठी या संख्यांना वेगवेगळ्या गुणकांनी गुणून बेरीज करतात. जिची बेरीज सर्वांत मोठी, ते यंत्राचे उत्तर. उत्तर चुकले की गुणक किंचित बदलायचे. हजारो वेळा असे केले की यंत्र ‘शिकले’ असे आपण म्हणतो. आठवीच्या विद्यार्थ्याला न कळण्याजोगे यात काही नाही.

खरी गोम उदाहरणांत असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे हस्तलिखित आकड्यांचे दोन संग्रह होते. एक जनगणना खात्यातील कर्मचाऱ्यांच्या अक्षरातला, दुसरा माध्यमिक शाळेतील मुलांच्या. यंत्राने पहिल्यावर शिकावे व दुसऱ्यावर परीक्षा द्यावी, अशी मूळ योजना होती. पण कर्मचाऱ्यांचे आकडे नेटके आणि मुलांचे वाचायला अवघड! (शिक्षकांना याचे नवल वाटू नये.) तेव्हा यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही संग्रह मिसळून शिकण्यासाठी ६०,००० व परीक्षेसाठी १०,००० चित्रे वेगळी काढली. शिकवणीत ज्यांचे अक्षर आले, त्यांचे परीक्षेत येऊ दिले नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ही हकिकत आहे.

विज्ञान प्रदर्शनात एखादा विद्यार्थी ‘माझे यंत्र अमुक टक्के अचूक आहे’ असे सांगतो आणि परीक्षक मान डोलावतात. माझ्या मते ही टक्केवारी अर्धेच सांगते. शिकताना कुणाचे अक्षर होते आणि परीक्षेत कुणाचे, हे विचारल्याशिवाय तिला गुण देऊ नयेत. वहीत सोडवलेलीच गणिते परीक्षेत घातली तर पाठांतर तेवढे कळते.

आकड्यांच्या बाबतीत इतके काटेकोर कशाला, असे कुणी म्हणेल. पण चेहरेही याच मार्गाने ओळखले जातात. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू यांनी तपासल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुका फार तर ०.८ टक्के होत्या. सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत मात्र त्या ३४.७ टक्क्यांपर्यंत गेल्या. सगळ्यांची सरसकट सरासरी काढली असती तर हे दिसलेच नसते.

शाळेत करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. केवळ इंग्रजी आकड्यांवर शिकलेल्या यंत्रापुढे आपला देवनागरी एक ठेवा. ‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याची सोय त्यात केलेली नसेल, तर दहांपैकी एक उत्तर ते देणारच, आणि ते बहुधा नऊ असेल. मग वर्गातल्या पन्नास मुलांकडून देवनागरी आकडे लिहवून घेऊन यंत्राला नव्याने शिकवा. त्यांतल्या दहा जणांचे कागद मात्र आधीच कपाटात कुलूपबंद करून ठेवा.