खिसा कोणाचा?



कानाच्या मशीनचा एक जुना प्रकार आहे. त्याला ‘पॉकेट मॉडेल’ म्हणतात. हातात मावेल एवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बसवायचं बटण. माइक डबीतच असतो, म्हणून ती शर्टाच्या खिशाला अडकवायची. सरकारी वाटप-शिबिरांतून वर्षानुवर्षं हेच मशीन दिलं गेलं. आता सांगा, लुगडं नेसणाऱ्या बाईला खिसा कुठून असणार? तिने डबी पोलक्यात खोचली. वर पदर. पदर घासला की कानात नुसती खरखर, आणि चुलीपुढचा घाम आत गेला की मशीन बंद. घरचे म्हणाले, ‘मशीन आणून दिलं, पण हीच घालत नाही!’

मशीन मजबूत होतं, पेन्सिल सेलवर चालायचं, सेल गावातल्या दुकानात मिळायचा. पण ते ज्याच्यासाठी बेतलं होतं त्याच्या अंगात शर्ट होता.

आता कानामागे बसणारी छोटी डिजिटल मशीन आली. खिशाचा प्रश्न सुटला का? नाही, तो दुसऱ्या खिशात गेला. या मशीनला बटणासारखा चपटा सेल लागतो. त्याचा चिकट कागद काढला की हवा लागून तो उतरायला लागतो, मग मशीन घाला नाहीतर काढून ठेवा. एक-दोन आठवड्यांत नवा सेल हवा. कानाचं माप घेऊन केलेला साचा सैल झाला की मशीन शिट्टी वाजवतं, म्हणजे साचा पुन्हा करायचा. हा खर्च जन्मभराचा आहे. तो कोणाच्या खिशातून येणार? नवऱ्याच्या चष्म्याला, मुलाच्या मोबाइलला पैसे निघतात. बाईच्या सेलची वेळ आली की, ‘तुला कुठे भाषण ऐकायला जायचंय?’ मग ती काटकसर करते. मशीन कपाटात, लग्नकार्याला तेवढं बाहेर. पण रोज वापरल्याशिवाय मशीनच्या आवाजाची सवय होत नाही. लग्नाच्या गलक्यात ते घालून ती आणखीच गोंधळते आणि ‘मशीनचा काही उपयोग नाही’ हे सिद्ध होतं.

मुलगी लग्नाची असेल तर तऱ्हा उलटी. पैसे खर्च होतात, पण मशीन लपवण्यासाठी. ‘कोणालाही दिसणार नाही’ ही जाहिरात याच भीतीवर चालते. पाहुणे बघायला येणार म्हणून मशीन काढून ठेवायला सांगितलेल्या मुली आपल्याला माहीत आहेत. आयुष्याचा निर्णय ज्या बैठकीत होतो, तिथे नेमकं तिला ऐकू येऊ नये अशी व्यवस्था घरचेच करतात.

सरकारचं काय? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऐकण्यातला दोष मोजायला सुरुवात होते दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून. साधं बोलणं असतंच ६० डेसिबलच्या आसपास. म्हणजे ५० डेसिबलचा दोष असलेल्या बाईला मागून मारलेली हाक कळत नाही, पण कायद्याच्या लेखी तिला काही झालेलं नाही. दाखला नाही, म्हणून ‘एडिप’ योजनेतलं मशीनही नाही. वृद्धांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली. तिच्यात श्रवणयंत्र आहे आणि शक्यतो ३० टक्के लाभार्थी स्त्रिया असाव्यात असं म्हटलं आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या बाया पुरुषांपेक्षा जास्त निघाल्या. मग त्यांचा वाटा ३० टक्के कोणत्या हिशेबाने? आणि तोही ‘शक्यतो’?

पण दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबता येणार नाही. २०१३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. लैंगिक गुन्ह्याची तक्रार करणारी स्त्री अपंग असेल तर पोलिसांनी ती तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवावी, असं त्यात आलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पोलिसांकडे आपण हे मागतो. आपल्या केंद्रात पाळतो का?

आमच्या केंद्रातली गोष्ट सांगते. चाळिशीची एक बाई दिराबरोबर आली. डोक्यावर पंखा घरघरत होता, पार्टिशनपलीकडे दुसरं जोडपं भांडत होतं. आम्ही विचारायचो, ती दिराकडे बघायची, दीर सांगायचा, ‘ती नांदायला तयार आहे.’ तिने मान हलवली. समझोत्याच्या कागदावर अंगठा झाला. तीन महिन्यांनी ती शेजारच्या मुलीला घेऊन पुन्हा आली, हातावर वळ. मुलगी तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलली तेव्हा कळलं, की तो कागद पोटगीचा आहे असं तिला वाटलं होतं. दिराने फसवलं हे खरं. पण त्याला दुभाषी कोणी केलं? आम्ही. ‘स्त्रियांचा आवाज’ हे शब्द आपल्या प्रत्येक पत्रकावर असतात. त्या दिवशी तिच्यापर्यंत आमचा आवाज पोचला नव्हता आणि आमच्यापर्यंत तिचा.

तेव्हा मशीन घेऊन दिलं की संपलं, असं नाही. चांगलं मशीनही हात-दोन हातांवरच नीट काम करतं. सभागृहात अंतर आणि घुमणारा आवाज त्याला हरवतात. त्यावर उपाय आहेत. बोलणारीने गळ्यात लहान माइक घालायचा, आवाज बिनतारी थेट मशीनमध्ये. किंवा हॉलभोवती तारेचं वेटोळं टाकून ते त्यासाठीच्या अॅम्प्लिफायरला जोडायचं. मशीनमध्ये ‘टी’ची सोय असली की भाषण थेट कानात येतं. म्हणून मशीन निवडतानाच ‘टी’ आहे का विचारा. ज्या बाईकडे मशीनच नाही तिच्यासाठी केंद्रात माइक-हेडफोनची एक साधी डबी ठेवता येते. आणि जिला मशीनने ऐकू येत नाही, जिची भाषा खुणांची आहे, तिच्यासाठी खुणांच्या भाषेची जाणकार दुभाषी हवी. तिच्यावर मशीन लादायचं नाही.

आपल्या मागण्या अशा आहेत. मशीनबरोबर सेल, साचा आणि दुरुस्तीही योजनेत धरा. दाखल्याची अट डेसिबलवर अडवू नका, बाईचं रोजचं अडणं बघा. वयोश्रीतला ‘शक्यतो’ काढा आणि ३० चे निम्म्याहून अधिक करा. कौटुंबिक न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात ऐकण्याची साधनं ठेवा.

आणि आपल्यासाठी: सल्ल्याच्या वेळी पंखा बंद, दार बंद, चेहरा उजेडात, एका वेळी एकीनेच बोलायचं. नातेवाईक दुभाषी चालणार नाही. समझोता तिला समजेल अशा रीतीने पुन्हा सांगितल्याशिवाय, आणि तो तिच्याकडून ऐकल्याशिवाय, अंगठा घ्यायचा नाही. याला पैसा लागत नाही. माइक-हेडफोनच्या डबीला लागेल, तो पुढच्या शिबिराच्या बजेटमध्ये मांडवाच्या आधी लिहा.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने कळवावं: गेल्या वर्षभरात ऐकू न येणाऱ्या किती बाया तुमच्याकडे आल्या, आणि त्यांच्या वतीने कोण बोललं?