व्हिसाला अनफिट, मोहल्ल्यालाही?

आमच्या रत्नागिरीत अनेक तरुणांची पहिली एचआयव्ही तपासणी आखाती देशाच्या व्हिसासाठी होते. माझा एक मित्र तिथे 'अनफिट' ठरला आणि मोहल्ल्याने त्याच्या चारित्र्याचाच निकाल लावला. हा विषाणू दूषित रक्तातून, सुईतून, आईकडून बाळालाही होतो. त्यावरून चारित्र्य कसे ठरवणार? सरकारी केंद्रांत एआरटी औषधे २००४पासून मोफत मिळू लागली. रोजच्या गोळीने विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. नोकरी, उपचार, शिक्षणातल्या भेदभावाला २०१७च्या कायद्याने मनाई आहे. मित्रमैत्रिणींनो, निकाहाआधी दोघांनीही स्वेच्छेने तपासणी करा. आणि कुणी पॉझिटिव्ह निघाले, तर त्याला दस्तरखानावरून उठवू नका.