प्रार्थनेचा तास आणि पालकांची संमती

बेलफास्टमधील एका प्राथमिक शाळेत जाणारी चिमुरडी घरी काही खाण्यापूर्वी प्रार्थना म्हणू लागली. घरात कोणी प्रार्थना करीत नव्हते. आईवडील कोणताही धर्म मानणारे नव्हते. ही सवय शाळेतून आली हे उघड होते. पालकांनी २०१९ मध्ये शाळेकडे लेखी विचारणा केली, तेव्हा आपले धार्मिक शिक्षण बायबलवर आधारित असून ते ठरवून दिलेल्या अभ्यासक्रमानुसारच चालते, असे उत्तर शाळेने दिले. या साध्या पत्रव्यवहारातून उभा राहिलेला वाद अखेर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने पालकांच्या बाजूने निकाल दिला. त्या शाळेत दिले जाणारे ख्रिस्ती धर्मशिक्षण आणि सामूहिक उपासना यांमुळे मुलीच्या व पालकांच्या मानवी हक्कांचा भंग झाला, असे न्यायालयाने म्हटले.

हा निकाल उत्तर आयर्लंडपुरता असला तरी त्यातील प्रश्न तेथेच संपणारा नाही. लहान मुलांवर चांगले संस्कार व्हावेत, याबद्दल कोणाचेच दुमत नसते. मात्र संस्कार देताना श्रद्धाही दिली जात असेल, तर त्याला होकार कोणी आणि केव्हा द्यायचा? 'कॉन्व्हेंट'च्या प्रवेशासाठी धावपळ करणाऱ्या आपल्याकडील पालकांनीही हा प्रश्न स्वत:ला विचारून पाहण्यासारखा आहे.

अभ्यासक्रम चर्चचा, शाळा सरकारची

उत्तर आयर्लंडची शिक्षणव्यवस्था धर्माच्या भिंतींनी विभागलेली आहे. कॅथलिक मुलांच्या शाळा वेगळ्या आणि सरकारी नियंत्रणाखालील शाळा वेगळ्या. या दुसऱ्या गटातील अनेक शाळा मूळच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या असून विसाव्या शतकात त्या सरकारकडे हस्तांतरित झाल्या. तेथे आजही बहुसंख्येने प्रॉटेस्टंट कुटुंबांतील मुले शिकतात. १९८६ च्या कायद्यानुसार अनुदानित शाळांत रोजची सामूहिक उपासना आणि धार्मिक शिक्षण बंधनकारक आहे. सरकारी नियंत्रणाखालील शाळांत ते कोणत्याही एका पंथाची छाप नसलेले असावे, एवढीच अट. म्हणजे पंथ कोणताही नको, पण धर्म ख्रिस्तीच.

वादाच्या मुळाशी असलेला धार्मिक शिक्षणाचा गाभा-अभ्यासक्रम २००७ चा आहे. तो कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, चर्च ऑफ आयर्लंड आणि मेथडिस्ट या चार प्रमुख चर्चनी मिळून तयार केला. शतकानुशतके परस्परांशी भांडलेल्या पंथांनी एकत्र बसून मुलांसाठी अभ्यासक्रम लिहावा, ही तेथील इतिहास पाहता लहान गोष्ट नव्हे. परंतु या समेटात ख्रिस्ती नसलेल्यांना स्थान नव्हते. प्राथमिक वर्गांसाठी त्याचे तीन भाग आहेत: ईश्वराचे प्रकटीकरण, ख्रिस्ती चर्च आणि नीतिमत्ता. अन्य धर्मांची ओळख अभ्यासक्रमानुसार होते ती माध्यमिक शाळेत गेल्यावर, साधारण अकराव्या वर्षानंतर. म्हणजे नीतिमत्तेचा धडा येतो तो ईश्वर आणि चर्च यांच्या मागोमाग, त्याच चौकटीत.

दरम्यान समाज बदलत होता. २०११ च्या जनगणनेत आपला कोणताही धर्म नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण १०.१ टक्के होते. २०२१ मध्ये ते १७.४ टक्क्यांवर गेले. अभ्यासक्रम मात्र होता तेथेच राहिला.

वगळण्याचा अधिकार पुरेसा का नाही?

या खटल्यातील पालकांचा नीतिशिक्षणाला विरोध नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. मुलगी प्रेमळ व्हावी, न्यायाने वागावी, कोणत्याही धर्माच्या माणसाचा आदर करणारी व्हावी, अशीच त्यांची इच्छा होती. धर्मांविषयी तिने काही शिकूच नये, असेही ते म्हणत नव्हते. एकाच धर्माची शिकवण अंतिम सत्य म्हणून तिच्या मनावर बिंबवली जाऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

त्यावर शिक्षण खात्याचे उत्तर कायद्यातच होते. पालकांना आपल्या पाल्याला या तासातून आणि उपासनेतून वगळण्याचा अधिकार आहे. तो त्यांनी वापरावा. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा युक्तिवाद अमान्य केला होता. अपील न्यायालयाने मात्र २०२४ मध्ये तो उचलून धरला. शिक्षण वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि बहुविध दृष्टिकोनांना वाव देणारे नाही हे त्या न्यायालयालाही मान्य होते. पण वगळण्याची सोय असल्याने हक्कभंग होत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका नाकारली. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वर्गमित्रांपासून वेगळे काढून दुसऱ्या खोलीत बसविले, तर ते मूल 'वेगळे' ठरते. शिवाय सवलत मागायची तर पालकांना आपली खासगी मते शाळेपुढे उघड करावी लागतात. हे दडपण असताना केवळ कागदावर अधिकार देऊन राज्यसंस्थेला जबाबदारीतून सुटता येणार नाही, असा निकालाचा आशय आहे. एकच धर्म सत्य म्हणून चिकित्सेविना शिकवणे आणि मतांची बीजे पेरणे यांत फरक करता येत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

अर्थात, हा निकाल ख्रिस्ती धर्माला शाळेबाहेर काढणारा नाही. तेथील इतिहास आणि संस्कृती पाहता ख्रिस्ती धर्माला अभ्यासक्रमात मोठा वाटा देण्यास न्यायालयाची हरकत नाही. आक्षेप शिकवण्याच्या रीतीवर आहे.

हा भेद एका उदाहरणाने उलगडतो. बायबलमधील चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट प्रसिद्ध आहे. लुटारूंनी मारझोड करून टाकलेल्या वाटसरूकडे पाहून धर्मोपदेशक निघून जातो. ज्याला समाज परका आणि हीन मानतो तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो. 'येशूने ही गोष्ट सांगितली, असे ख्रिस्ती लोक मानतात. तुम्ही त्या वाटेवर असता तर काय केले असते?' असे शिक्षकाने विचारले तर ते नीतिशिक्षण होते. 'देवाने हे सांगितले आहे, म्हणून असे वागा आणि आता हात जोडा' असे म्हटले की तीच गोष्ट धर्मशिक्षण होते. गोष्टीतील करुणा दोन्हीकडे तीच. बदलते ते मुलाकडून मागितले जाणारे उत्तर.

तेथे मौन म्हणजे होकार, येथे नकार

या पार्श्वभूमीवर भारतीय राज्यघटनेतील अनुच्छेद २८ पुन्हा वाचण्याजोगा आहे. पूर्णत: सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते देता येते. मात्र विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीशिवाय त्याला अशा शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. जोडीला अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क देतो.

दोन्ही देशांतील फरक येथेच आहे. उत्तर आयर्लंडमध्ये पालक गप्प राहिला तर मूल प्रार्थनेला बसते. भारतात पालक गप्प राहिला तर मुलाला प्रार्थनेला बसविता येऊ नये. तेथे मौन म्हणजे होकार, येथे मौन म्हणजे नकार. घटनाकारांनी नकार कळविण्याचे ओझे पालकावर न टाकता होकार मिळविण्याचे काम संस्थेवर टाकले, असा या तरतुदीचा अर्थ निघतो. बेलफास्टच्या पालकांना न्यायालयात भांडून जे मिळवावे लागले, त्याचा मोठा भाग येथे १९५० पासून लिहून ठेवलेला आहे.

लिहिलेले आचरणात किती येते, हा निराळा भाग. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या अनेक शाळांत कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा आणि इतरांसाठी त्याच वेळी नीतिशिक्षणाचा तास असतो. ही व्यवस्था घटनेच्या आशयाशी सुसंगतच म्हणावी लागेल. मात्र सकाळच्या परिपाठातील प्रार्थना सर्वांसाठी एकच असते, आणि तिच्यासाठी वेगळी संमती घ्यावी असे ना शाळेला वाटते ना पालकांना. इंग्रजी आणि शिस्त हवी असलेला शहरी पालक प्रवेशअर्जावर सही करतो आणि प्रार्थनेचा विषय मनातून काढून टाकतो. पुढे एखाद्या शाळेवरून गदारोळ झाला की मग अचानक प्रत्येक जण घटनेचा दाखला देऊ लागतो.

शारदा सदनाचा धडा

महाराष्ट्राने हा वाद फार पूर्वी पाहिला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात नेले. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. पण सदनात धर्माबाबत तटस्थता राखण्याचे आश्वासन होते. म्हणूनच न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार म्हणून पाठीशी उभे राहिले. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसत. सक्ती नव्हती, असे रमाबाईंचे म्हणणे. आश्वासन मोडले, असे विरोधकांचे. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुलींना सदनातून काढून नेले.

त्या उघड्या दारात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे सत्य होते. शिक्षकाची श्रद्धा तासाच्या वेळापत्रकात कोंडून ठेवता येत नाही. ती त्याच्या वागण्यातून मुलांपर्यंत पोहोचतेच. आणि ज्या बाईने आसरा दिला तिच्या प्रार्थनेला बसणे कितपत स्वेच्छेचे असते, हा प्रश्नही खोटा नव्हता. यात सर्वाधिक नुकसान झाले ते शिक्षण अर्ध्यावर सोडून परतलेल्या मुलींचे.

नियम सर्वांना सारखा हवा

नीतिशिक्षण आणि धर्मशिक्षण यांतील सीमारेषा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मांडली. शालेय अभ्यासक्रमाच्या तत्कालीन राष्ट्रीय आराखड्यात मूल्यशिक्षणासाठी धर्मांच्या परिचयावर भर होता. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीच्या १९९९ च्या अहवालाचा त्याला आधार होता. धर्मांविषयी शिकवणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सांगून न्यायालयाने आराखडा वैध ठरविला. पण ही रेषा अतिशय पुसट असल्याने शिकवताना सावधगिरी हवी, असा इशाराही दिला.

ही सावधगिरी केवळ ख्रिस्ती शाळांनी बाळगायची नाही. केंद्रीय विद्यालयांतील सकाळच्या प्रार्थनेला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठविण्याचा निर्णय घेतला होता. बहुसंख्याकांची प्रार्थना ती 'संस्कृती' आणि अल्पसंख्याकांची ती 'धर्मप्रसार', अशी दुटप्पी मोजपट्टी टिकणारी नाही.

ख्रिस्ती समाजाच्या बाजूनेही हालचाल झालेली आहे. देशभरात सुमारे १४ हजार शाळा चालविणाऱ्या कॅथलिक समाजाच्या बिशप परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, परिपाठात राज्यघटनेच्या प्रास्ताविकेचे वाचन व्हावे, आवारात सर्वधर्म प्रार्थनालय असावे, असे त्यांत सुचविले आहे. वाढत्या तणावाच्या काळात उचललेले हे बचावाचे पाऊल आहे, असे म्हणता येईल. तरीही त्याची दिशा घटनेची आहे.

वसईसारख्या भागातील ख्रिस्ती पालकाला आपल्या मुलाने शाळेत आपला धर्म शिकावा असे वाटणे स्वाभाविक आहे आणि तो त्याचा हक्कही आहे. त्याच वर्गात बसलेल्या दुसऱ्या मुलाच्या पालकाचा हक्कही तेवढाच खरा. दोन्ही सांभाळण्यासाठी नवा कायदा लागणार नाही. प्रवेशाच्या वेळी प्रार्थना आणि धर्मशिक्षण यांसाठी स्वतंत्र, स्पष्ट होकार विचारणारी एक ओळ आणि होकार न देणाऱ्या मुलाला ओशाळे वाटू नये असा त्या वेळेतील सन्मानाचा पर्यायी तास, एवढे पुरेसे आहे. बेलफास्टमधील त्या मुलीच्या पालकांना शाळेत पहिल्या दिवशी हा प्रश्न कोणी विचारला असता, तर कदाचित न्यायालयाची पायरी चढण्याची वेळच आली नसती.